वाल्मिकभाऊ : इतर मदत

आमच्या मंडळात वाल्मिकभाऊंबद्दल कुणालाही विचारा, पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळेल : माणूस चांगला आहे हो, पण फार ओरडून बोलतो. या वाक्यानं माझ्या डोक्यात तिडीक जाते. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या लूमखात्यात चौतीस वर्षं, ऐंशी यंत्रमागांच्या खडखडाटात उभे राहा आणि मग मला हळू बोलून दाखवा. वाल्मिकभाऊंना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. फोनची रिंग नाही, कुकरची शिट्टी नाही, चिमण्या तर कधीच गेल्या. त्यांची बायको कलाबाई कुकर लावून जरा शेजारी गेली की डाळ करपलीच म्हणून समजा. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते निम्मं समजून घेतात, उरलेलं अंदाजानं. आणि आपला आवाज केवढा लागतोय, हे त्यांचं त्यांना कळत नाही.

मी शैलजा. उधन्याच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. मी निवृत्त झाले, माझा राग झाला नाही. वाल्मिकभाऊंची योगिता माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला अजून बाई म्हणतात. मंडळ आमचं महाराष्ट्रातून आलेल्या नोकरदारांचं : बँकवाले, शिक्षक, सरकारी कचेऱ्यांतले लोक. त्यात लूमवर काम केलेला माणूस हा एकटाच, अमळनेरकडचा. मंडप बांधायला, लाइटच्या माळा चढवायला, सतरंज्या घालायला आणि उचलायला कुणीतरी लागतं, म्हणून तो मंडळात. मंडळाची मोठी पातेली, परात, झारे हे सगळं वीस वर्षांपासून त्यांच्याच गॅलरीत आहे. त्यांच्या घरात कपडे वाळत घालायला जागा नाही, पण आमची पातेली मजेत आहेत.

यंदा गणपतीच्या पाचव्या दिवशी आरतीनंतर मीटिंग झाली. आमचा अध्यक्ष अभिजीत. बँकेत अधिकारी, वय चाळीस, दर तीन महिन्यांनी एक नवा नाद. सध्याचा नाद म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून लांब दांडीच्या गळानं लाटांच्या पलीकडे मासे पकडायचे. सर्फ फिशिंग म्हणे. फोनवर बघून बघून त्यानं स्वतःपेक्षा उंच अशा दोन दांड्या मागवल्या होत्या आणि त्या मखराशेजारी उभ्या करून ठेवल्या होत्या.

त्यानं जाहीर केलं, "या वर्षीची कोजागरी सुवालीच्या किनाऱ्यावर! रविवारी पौर्णिमा आहे, तर शनिवारी निघू. दोन दिवस मुक्काम, तंबू, मासेमारी. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करायचा, सगळ्यांनी मिळून जेवायचं. आणि रविवारी चंद्र वर आला की तिथंच वाळूवर दूध आटवायचं."

टाळ्या पडल्या. सोमवारी चांदी पडवा, सुरतेचा घारीची मिठाई खायचा सण, म्हणजे परतताना घारी खातच यायचं, असं कुणीतरी म्हणालं आणि आणखी टाळ्या पडल्या.

"मासा न् दूध एकच जागावर?" कलाबाई मागून म्हणाली. "अंगवर कोड फुटी!"

सगळे हसले. अभिजीतच्या बायकोनं, केतकीनं, तोडगा काढला : मासे शनिवारी, दूध रविवारी. कलाबाईचं तोंड वाकडंच राहिलं. तेवढ्यात सतरंजीच्या टोकाला बसलेले वाल्मिकभाऊ उठून उभे राहिले.

"पुनवेला नको! अष्टमी धरा! पुनवेला समुद्र मागून येतो!"

आवाज एवढा मोठा की मखराजवळची दोन पोरं दचकली. अभिजीतनं फोन पुढं केला. "भाऊ, यात भरती-ओहोटी मिनिटामिनिटाची आहे. शनिवारी सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. पाणी एक किलोमीटर आत. आपण आतल्या वाळूच्या पट्ट्यावर जायचं आणि बारापर्यंत गळ टाकायचे. एवढी मोकळी जागा पुन्हा मिळायची नाही."

"मागून येतो!" वाल्मिकभाऊ पुन्हा म्हणाले.

मग अभिजीत त्यांच्यासमोर वाकला. बालवाडीतल्या मुलाशी बोलावं तसं तोंड मोठं करून म्हणाला, "भा-ऊ, स-मु-द्र पु-ढे अस-तो. मा-गे सु-रत अस-ते."

सगळा मंडप हसला. मीसुद्धा हसले. नको वाटतं लिहायला, पण हसले हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर यादी आली. केतकी : पुलाव. शैलजाताई : गोडाचा शिरा. अपर्णा : कोथिंबीर वडी. असं करत करत सगळी घरं झाली. कलाबाई : भरीत आणि भाकरी (शंभर). आणि सगळ्यात शेवटी, वाल्मिकभाऊ : इतर मदत.

इतर मदत म्हणजे काय? पातेली टेम्पोत चढवणं, तंबू ठोकणं, चिखलातून गांडुळं काढून आणणं, धरलेले मासे साफ करणं, रात्रीची भांडी घासणं आणि पातेली परत आपल्याच गॅलरीत नेणं. शिरा ढवळणाऱ्या माझ्या नावासमोर शिरा, आणि या सगळ्यासमोर दोन शब्द.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. यादीबद्दल बोलले नाहीत. चहाला हात लावला नाही.

"बाई, तुम्ही पण हसलात."

मला राग आला. आपली चूक कुणी तोंडावर दाखवली की मला आधी त्याचाच राग येतो, ही माझी जुनी खोड. मी म्हणाले, "तुम्ही भर मीटिंगमध्ये असे किंचाळता, मग लोक हसणार नाहीत तर काय करतील? आणि समुद्र मागून येतो म्हणजे काय? काहीतरी अर्थ आहे का त्याला?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. या वेळी त्यांना सगळं समजलं.

"विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पुनव आहे," ते म्हणाले. "चला माझ्यासोबत सुवालीला. डोळ्यांनी बघा. खोटं निघालं तर कोजागरीला मीच तुमचा तंबू ठोकतो, परत तोंड उघडत नाही."

मी गेले. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खोटं ठरवायलाच गेले.

सकाळी नऊला आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्र दिसतच नव्हता. लांबवर नुसती ओली, राखाडी वाळू आणि चिखल. आदल्या दिवशी बुडवलेल्या गणपतींचे पाट आणि लाकडी सांगाडे पाण्यानं परत आणून टाकले होते. वाल्मिकभाऊंनी सोबत एक बांबू आणला होता, टोकाला लाल कापडाची पट्टी बांधलेला. आम्ही चालत चालत आतल्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत गेलो. वाटेत एक खोलगट ओहोळ लागला, जेमतेम घोट्याइतक्या पाण्याचा. साडी उचलून मी तो सहज ओलांडला. पट्ट्यावर वाळू अशी टणक आणि कोरडी, की अभिजीतनं हीच जागा का निवडली ते लगेच कळत होतं. वाल्मिकभाऊंनी तिथं बांबू रोवला आणि आम्ही परत येऊन सरूच्या झाडांखाली बसलो.

तिथं भाकरी आणि ठेचा खाताना त्यांनी मला सांगितलं. लूमखात्यात आठवड्यातून एकदा वीजबंदीची सुट्टी असायची. तरुणपणी त्या दिवशी ते गळ घेऊन इथं यायचे. अशाच एका पुनवेला याच पट्ट्यावर ते एकटे उभे होते, तोंड समुद्राकडे. किनाऱ्यावरून लोक शिट्ट्या मारत होते. त्यांना एकही ऐकू आली नाही. मागे वळले तेव्हा घोट्याएवढा ओहोळ छातीच्या वर गेला होता. पोहता येत नव्हतं. जवळच्या गावातली भागीरथी नावाची बाई चिखलात लेवटे, म्हणजे ते उड्या मारणारे चिखलातले मासे, वेचत होती. तिनं कमरेला दोरी बांधून पाण्यात उडी घेतली.

"केसाला धरून ओढलं मला," वाल्मिकभाऊ म्हणाले. "काठावर आणलं आणि आधी थोबाडीत मारली. मग समोर बसवून तिथ्या शिकवल्या. पुनव न् अमावस्येला पाणी फार जातं आणि फार येतं. अष्टमीला थोडं जातं, थोडं येतं, सावकाश येतं. आणि पाणी बघायचं ते समोर नाही, ओहोळात बघायचं. तिथला फेस उलटा चालू लागला की झालं, उठायचं."

मी ओहोळाकडे बघत बसले. मला काही कळत नव्हतं. साडेदहाच्या सुमारास त्यांनी माझ्या हाताला बोट लावलं. "उलटला," म्हणाले. मी बघितलं, तर खरंच फेसाचे पुंजके आता समुद्राकडे न जाता आमच्या बाजूनं आत सरकत होते. समोर, पट्ट्याच्या पलीकडे, समुद्र अजून तसाच लांब. त्या बाजूला बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं. आवाज नाही, लाट नाही. ओहोळ भरला, पसरला, तपकिरी झाला. अर्ध्या तासात आमच्या आणि त्या लाल पट्टीच्या मध्ये नदी होती. पट्टा अजून कोरडा होता. दीड वाजता बांबूची नुसती पट्टी पाण्यावर दिसत होती, आणि दोनला तीही नाही.

कोजागरीच्या सहलीत याच वेळी तिथं एकतीस माणसं उभी असणार होती. त्यात अकरा मुलं. मला असा संताप आला की सांगता येत नाही. अभिजीतचा आला, त्याच्या फोनचा आला. सगळ्यात जास्त आला तो माझ्या स्वतःच्या हसण्याचा.

चार दिवसांनी माझ्याच घरी मीटिंग बोलावली. वाल्मिकभाऊ दाराजवळ बसले होते, कारण सतरंजी त्यांनीच घातली होती. मी उभी राहिले. कशी सुरुवात करायची ते मी रात्रभर ठरवत होते. "वाल्मिकभाऊंनी मला दाखवलं" असं म्हटलं की अभिजीत पुन्हा फोन काढणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी म्हणाले, "मी स्वतः सुवालीला जाऊन बघून आले."

दोन मिनिटं बोलले. ओहोळ, फेस, पुनव, अष्टमी, सगळं. ओळीनं, स्वच्छ, फळ्यावर लिहिल्यासारखं. शब्द त्यांचे होते, आवाज तेवढा माझा.

मग अभिजीत म्हणाला, "बापरे. शैलजाताई, तुम्ही वाचवलंत आम्हाला. ताई सांगतायत म्हणजे प्रश्नच नाही. दूध गच्चीवर आटवू, आणि सुवालीला पुढच्या शनिवार-रविवारी जाऊ. सप्तमी-अष्टमीला."

म्हणजे बघा. तो माणूस तेच सांगत होता. तेच शब्द, तीच तिथी. त्यांच्या तोंडून तो विनोद होता, माझ्या तोंडून ती माहिती झाली. आणि मी तरी काय केलं? "अहो, हे वाल्मिकभाऊंचं आहे" असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि मी ते तोंड पुन्हा मिटलं. टाळ्या बऱ्या वाटत होत्या. दाराजवळ बसलेल्या वाल्मिकभाऊंना कशाबद्दल टाळ्या पडतायत ते ऐकू आलं नव्हतं. सगळे वाजवतायत म्हणून त्यांनीही वाजवल्या.

जाताना मला विचारलं, "तारीख बदलली?"

"बदलली."

"मग झालं," म्हणाले आणि सतरंजी गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी नवी यादी आली. वर एक ओळ वाढली होती. भरती-ओहोटी मार्गदर्शन : शैलजाताई. खाली सगळ्यात शेवटची ओळ तशीच होती.

दुपारी कलाबाई माझ्या दारात. योगितानं तिला यादी वाचून दाखवली होती. घरात यायला तयार नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"यास्नी बी टाळ्या वाजाड्यात, बाई! कोनासाठे, ते इचारा!" तिनं पदर खोचला. "बठ्ठं नाव तुमनं व्हयनं ना? मंग भाकरी बी तुम्हीच थापा. शंभर!"

शाळेत मी मुलांना दुसऱ्याची वही बघून लिहिल्याबद्दल बाकावर उभं केलंय. ग्रुपवर खुलासा टाकावा म्हणून तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. आता कशाला वाद, प्रत्यक्ष गेल्यावर सांगू, अशी मी माझीच समजूत घातली. भित्र्या माणसाला तारखा पुढं ढकलायला फार चांगलं जमतं.

सप्तमीच्या दिवशी, शनिवारी, आम्ही सुवालीला पोहोचलो. सप्तमीला ओहोटी दुपारी दोनला होती. पाणी लांब गेलं नव्हतं, पण पट्टा उघडा पडला होता आणि अलीकडचा ओहोळ घोट्याएवढा होता. अभिजीत आपल्या लांब दांड्या घेऊन पट्ट्यावर गेला, त्याच्यामागे मोठी माणसं, त्यांच्यामागे सगळी मुलं. गळ हवेतून जायचा, लांब पडायचा, आणि मुलं ओरडायची. गळाला दोन बोई मासोळ्या लागल्या तेव्हा तर नुसता गोंधळ. तंबू वाल्मिकभाऊंनी सकाळीच येऊन सरूंच्या जवळ, उंचावर ठोकून ठेवले होते. आता ते किनाऱ्याकडे पाठ करून त्या बोई साफ करत बसले होते. कलाबाई आली होती, पण परात पालथी घालून तिच्याशेजारी बसली होती. भरताची वांगी भाजायला कामरेजकडून आणलेल्या कपाशीच्या काड्यांची मोळी तशीच बांधलेली. चूल पेटवायची वेळ झाली असं केतकीनं तिला दोनदा सांगितलं. कलाबाईनं ऐकलं नाही, आणि तिचे कान उत्तम आहेत.

माझ्या गळ्यात शिट्टी होती. अभिजीतनंच अडकवली होती, सगळ्यांसमोर. "ताई, तुम्ही वाजवली की आम्ही बाहेर. तुमच्या हातात आहे सगळं."

मी ओहोळापाशी उभी राहिले आणि फेसाकडे बघू लागले. पुनवेच्या दिवशी वारा नव्हता. आज होता. फेसाचे पुंजके थोडे इकडे जात, थोडे तिकडे. मला वाटलं आत येतोय. मग वाटलं, नाही, बाहेरच जातोय. चार वाजत आले होते. केतकी शेजारी येऊन म्हणाली, "ताई, अजून वेळ आहे ना? मुलं काय मजेत आहेत!"

मी "हो" म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. मला काहीही कळत नव्हतं आणि मी हो म्हणणार होते, कारण यादीत माझं नाव होतं.

मी वळले आणि ओरडले, "वाल्मिकभाऊ!" त्यांची पाठ हललीसुद्धा नाही. मी वाळूतून धावत गेले, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, आणि त्यांची बाही ओढली. हातातली सुरी टाकून ते उठले. ओहोळाकडे एकदाच बघितलं.

"उलटला," ते म्हणाले. "पाच मिनिटं झाली. आज घाई नाही, पण बोलवा सगळ्यांना."

मी शिट्टी गळ्यातून काढली. केतकी होती, अपर्णा होती, भाजी चिरणाऱ्या सगळ्या बायका होत्या. मी वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "मला यातलं काडीचंही येत नाही! पुनवेला मला हेच इथं घेऊन आले होते. फेस यांनी दाखवला, तारीख यांनी बदलली. मीटिंगमध्ये मी यांचं नाव घेतलं नाही आणि टाळ्या खाल्ल्या. आता हे सांगतील तसं करायचं."

मी शिट्टी वाल्मिकभाऊंच्या हातात दिली. मागे परात सुलटी झाल्याचा आवाज आला. त्यांना तो ऐकू आला नसणार.

त्यांनी शिट्टी उलटसुलट करून बघितली, धोतराला पुसली आणि तोंडाला लावली. गालफडं फुगली, मानेच्या शिरा वर आल्या. कानठळ्या बसतील अशी वाजली. पट्ट्यावरची सगळी माणसं एकदम वळली. मुलं पळत सुटली, ओहोळात पाणी उडवत. अभिजीतनं लांबून हात वर करून पाच बोटं दाखवली, म्हणजे पाच मिनिटं. वाल्मिकभाऊंनी पुन्हा फुंकली, पहिल्यापेक्षा मोठी, आणि थांबलेच नाहीत. शेवटी अभिजीतनं दोरी गुंडाळायला घेतली. ओहोळ ओलांडताना पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

तेव्हा कुठं वाल्मिकभाऊंनी शिट्टी तोंडातून काढली. धापा टाकत माझ्या ओठांकडे बघितलं.

"बाई," त्यांनी विचारलं, "वाजते का?"

"वाजते," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येते."